पीळ

उणे सत्तावीस. दाराची कडी मोज्यातूनही चावते.
तोरुन आत आली, बापाची रायफल ब्लँकेटात गुंडाळून,
जसं तिच्या दवाखान्यात लोक आजारी वासरू आणतात.
आधी तिने टेबलावर कागद पसरला.
लक्ष्यावर पाच भोकं:
तीन गोल, दोन लांबट, कुलपाच्या भोकासारखी.

'ऑगस्टमध्ये पाचही गोल होती,' ती म्हणाली.
'तीच नळी. तीच गोळी. तोच खांदा.'

मी बोललो नाही. सळईला घट्ट चिंधी गुंडाळली,
वर पेन्सिलीने एक रेघ मारली,
आणि नळीत ढकलली, बेताबेताने.
सळई आपणहून वळू लागली,
कुणी झोपेत कूस बदलावी तशी.
रेघ फिरून पुन्हा माथ्यावर आली
तेव्हा पट्टी लावली.
चौदा इंचांत एक वेढा.

'आळशी पीळ,' मी म्हणालो. 'शिशाच्या आखूड गोळीला पुरतो.
तुझी तांब्याची. वजन तेच, पंचावन्न ग्रेन,
पण तांबं शिशाहून हलकं,
तेवढंच वजन भरायला अंग लांबवावं लागतं त्याला.
लोक येतात आणि वजन सांगतात.
नळी वजन विचारत नाही, लांबी विचारते.
बुटका भोवरा आणि उंच भोवरा
एकाच हिसक्याने सोडून बघ कधी.'

'आणि गारठा?'

'थंड हवा दाट. ऑगस्टमध्ये वाट देते,
जानेवारीत आडवी येते.
एका मास्तरांकडे काठावर पास झालेलं पोर
दुसऱ्या मास्तरांकडे नापास होतं, तसं.'

तांबं का, हे मी विचारलं नव्हतं.
तिनेच सांगितलं. डोंगरावरून आणलेला गरुड,
मान धरत नव्हता, पंख ओल्या कोटासारखे लोंबत.
कोल्ह्याच्या मढ्यातलं शिसं, रक्तात उतरलेलं.
'कोल्हा मीच मारलेला असेल,' ती म्हणाली.
'चार दिवस जगला.'
खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, होत नव्हती.

मग कॉफी घेतली आणि आकडे काढले.
बारा नको, अर्धवट दुरुस्ती.
दहा, उन्हाळ्यापुरता.
नऊ चालेल, हिवाळ्यातही, बहुतेक.
'बहुतेक'वर तिने कप खाली ठेवला.

आठ, मग.
आठमध्ये लांब गोळी नाकासमोर जाईल,
उद्या साठ ग्रेनची घेतलीस तरी.

'आणि बाबांची?' तळघरात अकरा खोकी आहेत म्हणे,
हलकी, पातळ सालीची, शिशाची.
'एवढ्या पिळात एखादी हवेतच फाटेल.'
'मग ती तुम्हीच ठेवून घ्या,' ती म्हणाली,
आणि लगेच, 'नको. मीच काहीतरी करते.'

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
पण हे पोलाद. इथे पीळ बदलायचा
तर नळीच काढावी लागते.
शिकंजात धरली, पाना लावला, पूर्ण वजन टाकलं.
एकतीस वर्षांचे आटे एकदा कुरकुरले
आणि सुटले.
तिने ती नळी डोळ्याला लावून खिडकीकडे धरली.
बराच वेळ धरली.
आत उजेड हळू वळत गेला असेल,
चौदा इंचांत एकदाच.

ही रायफल मीच विकली होती आस्लाकला.
ओली टोपी काउंटरवर, नोटा दोनदा मोजून झालेल्या,
आणि जाता जाता त्याने विचारलं होतं,
'उद्या कुणाला लांब गोळी लागली तर?'
मी हसलो होतो. 'कुणाला लागणार?'

कॅटलॉगमध्ये आठवर खूण करताना
हे तिला सांगावंसं वाटलं.
सांगितलं नाही. विचारलं,
'नव्या नळीची लांबी किती ठेवू?'

'आहे तेवढीच,' ती म्हणाली.